आजोबांची स्मरणिका: तेराव्यापासून वर्षश्राद्धापर्यंत करायची कामं

तेरावा होतो, पाहुणे पांगतात आणि पुढच्याच रविवारी घरातलं कुणीतरी आजोबांचं कपाट आवरायला घेतं. सगळ्यात जास्त नुकसान त्या एका दुपारी होतं. जुनी पासबुकं, खिशातल्या डायऱ्या, दुकानाच्या पावत्या, कालनिर्णयची जपून ठेवलेली पानं असा सगळा ऐवज रद्दीत जातो. मग वर्षभराने स्मरणिका काढायचं ठरतं तेव्हा हातात उरतो एक आधारकार्डावरचा फोटो आणि 'ते फार प्रेमळ होते' हे वाक्य. त्या वाक्यातून माणूस दिसत नाही. प्रेमळ होते म्हणजे नक्की काय करायचे, हे मिळवण्यासाठीच वर्षभराची खटपट करायची.

पहिलं काम म्हणून कपाटाला हात लावण्याआधी त्याचा फोटो काढा. खण उघडा ठेवून प्रत्येक खणाचा एकेक फोटो घ्या. कोणता कागद कशाबरोबर ठेवला होता, यालाही अर्थ असतो. लग्नाच्या पत्रिकेच्या घडीत सोनाराची पावती असेल, तर ती पावती कशाची हे वेगळं शोधावं लागत नाही. मग दोन पुठ्ठ्यांची खोकी आणा. 'कोर्ट-बँक-मालमत्ता' असं लिहिलेल्या एका खोक्यातले कागद ज्या मुलाकडे व्यवहार आहे त्याच्याकडे द्या, दुसऱ्यात बाकी सगळं ठेवा. ही विभागणी आवर्जून करा. आजोबांचे जुने सातबारे कुणी एकटा मागू लागला की भावकीत कुजबुज सुरू होते, 'वाटणीसाठी कागद काढतोय.' म्हणून घराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुरुवातीलाच सांगून टाका की काय शोधतोय, कशासाठी, आणि प्रत्येक कागदाची प्रत ग्रुपवर टाकणार आहोत.

दुसऱ्या खोक्यात क्षुल्लक वाटणारं सगळं जाऊ द्या. जुन्या रेशनकार्डावर त्या वर्षी घरात कोण कोण राहत होतं ते वयासकट लिहिलेलं असतं. पोस्टकार्ड आणि अंतर्देशीय पत्रावर टपालाचा शिक्का असतो, पाकिटातल्या पत्राचा शिक्का मात्र पाकिटावर असतो, म्हणून पत्र पाकिटातून वेगळं करू नका. कालनिर्णय १९७३ पासून निघतं, आणि त्याच्या पानांमागे दुधाचा हिशोब, सिलिंडरची तारीख, कुणाचं बाळंतपण, विहिरीला लागलेलं पाणी असं काहीही सापडतं. डायरी कधीच न लिहिणाऱ्या माणसाची डायरी बहुधा तीच असते.

माणसं आधी, कागद नंतर

कागद सहा महिने थांबतात. ऐंशी-नव्वदीची माणसं थांबतीलच असं नाही. म्हणून मुलाखतींची यादी नात्याच्या जवळिकीवर न लावता वयावर लावा, सगळ्यात थकलेला माणूस पहिला. नाशिकच्या रामकुंडावर दशक्रियेला कोण कोण आलं होतं, ते आठवून त्याच आठवड्यात वहीत नावं आणि फोन नंबर लिहून ठेवा. त्या गर्दीतच असा एखादा आलेला असतो ज्याला घरातलं कुणी नीट ओळखत नाही, आणि तो आजोबांबरोबर वीस वर्षं एकाच पाळीत काम केलेला असतो. सुतकात मात्र प्रश्न विचारत बसू नका, नाव-नंबर पुरे.

यादीत घराबाहेरची चार माणसं हवीतच. न्हावी, शिंपी, किराणा दुकानदार, शेतावरचा सालदार, नोटांच्या प्रेसमधला किंवा एचएएल या विमान कारखान्यातला सहकारी यांपैकी जे सापडतील ते. घरच्यांना आजोबा घरातले माहीत असतात. बाहेर ते कसे वागत, उधारी कशी ठेवत, कुणाशी चहाला थांबत, हे बाहेरचेच सांगतील. हाकसुद्धा प्रत्येकाची वेगळी निघते. मुलांचे अण्णा, भावकीचे तात्या, कामावरचे 'पाटील', आजीचे नुसते 'अहो'. या सगळ्या हाका नोंदवा, मजकुरात त्यांचा फार उपयोग होतो.

आजीची मुलाखत वेगळी घ्या. मुलगे समोर बसले असतील तर ती 'काय सांगू, सगळं चांगलंच होतं' याच्या पुढे जात नाही. नातीने भाजी निवडायला बसावं आणि फोन शेजारी ठेवावा. हात कामात असले की बोलणं सैल होतं. त्याआधी रेकॉर्डिंग चालू आहे हे सांगा. लपवून केलेलं रेकॉर्डिंग नंतर वापरता येत नाही आणि विश्वास जातो तो वेगळाच.

रेकॉर्डिंगला मोबाईल पुरतो. तो विमान-मोडवर टाका, नाहीतर ऐन गोष्टीत फोन येऊन रेकॉर्डिंग तुटतं. बोलणाऱ्यापासून फूट-दीड फुटावर घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. थेट टेबलावर ठेवला तर कप ठेवल्याचा आवाज बॉम्बसारखा येतो. पंखा बंद आणि कुकर नंतर. सुरुवातीला नाव, तारीख, गाव बोलून घ्या. एका बैठकीला पाऊण तास पुष्कळ झाला, सकाळच्या चहानंतरची वेळ चांगली, जेवणानंतर म्हातारी माणसं पेंगतात. फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची झाल्यास डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि मूळ फाईल त्याच रात्री संगणकावर उतरवा.

'कसे होते ते?' हा प्रश्न वर्ज्य. त्याला उत्तर म्हणून श्रद्धांजलीच मिळते. त्याऐवजी हातात धरता येतील असे प्रश्न घ्या. कामावरून आल्यावर पहिलं काय करायचे? पगार कुठे ठेवायचे, आणि तो मोजायचं कोण? रागावले की आवाज चढायचा की जेवण बंद व्हायचं? पहिली सायकल कुणाकडून घेतली? पानात कोणती भाजी टाकायचे? देवळात जायचे तर कुठे उभे राहायचे? एखाद्या उत्तरानंतर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, दहापर्यंत आकडे मोजा. खरी गोष्ट बहुतेकदा त्या शांततेनंतर येते. जमल्यास दोन म्हाताऱ्यांना एकत्र बसवा. एकाची चूक दुसरा काढतो, त्या भांडणात तपशील पक्के होतात.

वर्षं पक्की करण्यासाठी खुंट्या

जुनी माणसं सनावळीत बोलत नाहीत. 'पुराच्या साली', 'सिंहस्थाच्या आधी', 'दुष्काळात' असं बोलतात. नाशिककराची मुलाखत घेताना पुढच्या खुंट्या कागदावर लिहून समोर ठेवा. सिंहस्थ, म्हणजे नाशिकचा कुंभमेळा, १९५६, १९६८, १९८०, १९९१-९२, २००३ आणि २०१५. नवे पैसे आले १९५७ ला. संयुक्त महाराष्ट्र १ मे १९६०. यशवंतराव चव्हाण नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले ते १९६३. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, पहाटेचा, म्हणून 'तेव्हा कुठे झोपला होतात?' या प्रश्नाला नेमकं उत्तर येतं आणि त्यातून राहतं घर कळतं. गोदावरीचा महापूर १९६९. मिलो (परदेशी ज्वारी) आणि सुकडी खाऊन काढलेला दुष्काळ १९७२. अमेरिकेची अंतराळातली प्रयोगशाळा स्कायलॅब पडणार म्हणून घाबरले ते १९७९. शेतकरी संघटनेचं कांदा-उसाचं आंदोलन १९८०. नाशिकची महानगरपालिका १९८२. पुढचा मोठा पूर २००८.

वापरायची पद्धत अशी. 'नोकरीला कधी लागले?' असं न विचारता 'महापूर आला तेव्हा नोकरीत होते का?' असं विचारा. हो म्हटलं तर मागच्या खुंटीकडे जा, नाही म्हटलं तर पुढच्या. तीन-चार प्रश्नांत दोन-तीन वर्षांच्या पट्ट्यात येता. पुराबद्दल बोलताना पाणी गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत होतं तेही विचारा. गुडघा, कंबर, छाती ही नाशिकची जुनी मोजपट्टीच आहे आणि त्यावरून कोणता पूर हे बऱ्याचदा वेगळं करता येतं. सिंहस्थाचा एक घोळ लक्षात ठेवा. तो वर्षभर चालतो, म्हणून 'सिंहस्थात लग्न झालं' यावरून एकच साल धरू नका, मागचं-पुढचंही तपासा.

कागदांतून काय निघतं

जन्मतारखेपासून सुरुवात करा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून असेल, तर ती बहुतेक मास्तरांनी टाकलेली तारीख आहे. शाळेत घालताना वय अंदाजे सांगायचं आणि प्रवेश जूनमध्ये, म्हणून १ जून. घरात पत्रिका असेल तर तिच्यावर जास्त विश्वास ठेवा. पत्रिकेतल्या शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जन्म माघ-फाल्गुनातला असेल तर ७९ मिळवायचे, म्हणजे शके १८६० चा माघ हा १९३९ मध्ये पडतो. पौषाच्या आसपास इंग्रजी साल बदलतं, तेव्हा तिथला जन्म पंचांगातूनच काढा. वारावरून ताळा घ्या, पण पहाटे तीनचा जन्म पत्रिकेत आदल्या वारावर असतो, कारण आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो. या एका दिवसाच्या फरकापायी लोक चांगली पत्रिका खोटी ठरवतात. गावातला जन्म असेल तर कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतली नोंद तहसील कार्यालयात मागता येते. तिथे बाळाचं नाव बहुतेकदा नसतंच, 'अमक्याला मुलगा झाला' एवढंच असतं, म्हणून पणजोबांच्या नावाने शोधा.

शेतकरी घर असेल तर सातबारा हा चरित्राचा अर्धा ऐवज आहे. गाव नमुना १२ मध्ये साल दर साल पीक लिहिलेलं असतं. बाजरी, हुलगे, गहू अशी पानं उलटत गेलात की एका वर्षी विहिरीची नोंद येते आणि पुढे कधीतरी द्राक्ष. निफाड-दिंडोरीकडच्या घरात 'बाग कधी लावली' यावर तीन काकांची तीन उत्तरं असतात, ती इथे मिटतात. गाव नमुना ६ मधल्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत, कोण कधी वारलं, वारस कोण, गहाण कधी सोडवलं हे तारखेसकट असतं. जुने फेरफार महसूल विभागाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेले आहेत, गाव आणि गट किंवा सर्व्हे नंबर हाताशी ठेवा. गट नंबर जमिनींच्या एकत्रीकरणानंतरचे आहेत, त्याआधीचे कागद सर्व्हे नंबरनेच सापडतात. इथेच बहुतेकांचा शोध अडतो. जुन्या मोडी लिपीतला कागद आला तर अंदाजाने वाचू नका. मोडी जाणणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या, आकडे विशेषतः.

नोकरदाराचं सेवापुस्तक मिळणं अवघड, पण निवृत्तीचा आदेश आणि पेन्शन मंजुरीचा आदेश (पीपीओ) घरात असतो. त्यावर रुजू झाल्याची तारीख आणि हुद्दा असतो. लासलगावच्या किंवा पिंपळगावच्या बाजारातल्या कांदाविक्रीच्या जुन्या पावत्या (पट्ट्या) सापडल्या तर एक तरी स्मरणिकेत छापा. त्या साली क्विंटलला काय मिळालं, हे वाचून घरातली मुलं जितकी गप्प होतात तितकी कुठल्याही लेखाने होत नाहीत.

आणि नाशिकला राहून एक गोष्ट सोडू नका, ती म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या वह्या. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर इथले उपाध्याय यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी ठेवतात. त्या मूळ गाव, आडनाव आणि जात यांवरून लावलेल्या असतात. आता राहता ते गाव सांगून उपयोग नाही, तीन पिढ्यांमागचं मूळ गाव लागतं, तेव्हा ते आधी घरात विचारून घ्या. रामकुंडावर 'अमक्या गावचे उपाध्याय कोण?' असं विचारत गेलं की योग्य घरी पोचता. सकाळी विधींची घाई असते, पितृपक्षात आणि सिंहस्थात तर बोलायलाही सवड नसते, म्हणून साध्या दिवशी दुपारनंतर जा. पणजोबा कधी आले होते, बरोबर कोण होतं, मुलांची नावं काय सांगितली, आणि खाली त्यांच्या हातची सही किंवा अंगठा असतो. घरात त्यांचं दुसरं अक्षर नसण्याचीच शक्यता जास्त. फोटो काढण्याआधी परवानगी मागा, दक्षिणा द्या, आणि तुमची नवी नोंद करताना घरातल्या लेकी-सुनांचीही नावं सांगा. जुन्या वंशावळीत बायका सापडत नाहीत, ती रीत आपण पुढे चालवण्याचं कारण नाही.

फोटो

सुटे फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा, पासपोर्ट आकाराचे १२०० वर, कागदपत्रं ३०० वर. मोबाईलवरची स्कॅनिंग अ‍ॅप्स कागदाला ठीक आहेत. फोटोत मात्र ती चेहरे गुळगुळीत करून टाकतात. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, कोपरा फाटतो. दात साफ करायचा रेशमी दोरा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू सरकवा. सुटला नाही तर पानासकट स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो काचेसकटच स्कॅन करायचा, पाणी लावायचं नाही. सेलोटेप नको, लॅमिनेशनही नको, ते परत निघत नाही. मागे लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलने, कडेला, फोटो काचेवर पालथा ठेवून. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. हे काम पावसाळा उलटल्यावर करा, दमट हवेत फोटो एकमेकांना चिकटतात आणि कसरही लागते.

समूहफोटोतली माणसं ओळखायला साध्या कागदावर फोटोची प्रत काढून प्रत्येक डोक्यावर आकडा घाला. ती दोन वेगवेगळ्या म्हाताऱ्यांना स्वतंत्रपणे दाखवा. एकत्र दाखवली तर मोठ्याने बोलणाऱ्याचंच खरं ठरतं. साल ठरवताना फोटोच्या मागचा स्टुडिओचा शिक्का बघा, त्यावरचा फोन नंबर किती आकडी आहे यावरूनही काळाचा अंदाज येतो. कडेवर कुणाचं बाळ आहे, हा सगळ्यात खात्रीचा पुरावा. बाळाची जन्मतारीख कुणालातरी पाठ असतेच.

भिंतीवर लावायच्या फोटोसाठी शेवटच्या आजारातला फोटो नको. १२ × १५ इंचांची चांगली प्रत हवी असेल तर निदान २४०० × ३००० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो बहुधा तिथवर पोचत नाही, मूळ फोटो ज्याच्या फोनमध्ये आहे त्याच्याकडूनच घ्या. एआयने 'साफ' केलेला चेहरा छापण्याआधी आजीला दाखवा. डोळे मोठे आणि ओठ भलतेच होतात, ते तिला एका नजरेत कळतं.

लिहिताना

घटना जन्म-शिक्षण-नोकरी अशा मांडल्या की तयार होतो तो बायोडेटा. आधी सगळ्या मुलाखती ऐकून, ज्या गोष्टी तीन जणांनी न ठरवता सांगितल्या त्या वेगळ्या काढा. सायकलची चेन स्वतः बसवणं, पावती पाकिटात उभी घडी घालून ठेवणं, पाहुणा उठेपर्यंत स्वतः न जेवणं. अशा सात-आठ गोष्टी मिळाल्या की तेच तुमचे लेख. बोलणाऱ्यांची भाषा 'शुद्ध' करू नका. आजी 'ते मला कधी काही म्हनले नाहीत' म्हणाली असेल तर तसंच छापा.

प्रत्येक घरात एक न बोललेली गोष्ट असतेच. मोडलेलं लग्न, तुटलेला भाऊ, दारू, जमिनीचा दावा. नियम साधा ठेवा. ज्याला त्याची झळ बसते तो हयात असेल तर त्याच्या होकाराशिवाय छापायचं नाही. पण खोटंही लिहायचं नाही. 'भावांत फार सख्य होतं' असं लिहिण्यापेक्षा तो विषयच वगळा. मुलाखतीचं मूळ रेकॉर्डिंग मात्र पुसू नका.

छपाई आणि तारखा

वर्षश्राद्ध तिथीने येतं, हे हॉल बुक करताना लोक विसरतात. तिथी तारखेच्या साधारण अकरा दिवस आधी येते आणि मध्ये अधिक महिना आला तर काही दिवस पुढे सरकते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. दिवस गुरुजींकडून लेखी घ्या आणि तिथून उलट मोजा. छापखान्याला तीन आठवडे, मुद्रितं (प्रूफं) वाचायला एक महिना, लिहायला दोन, फोटोंना एक, कागदांना दोन, मुलाखतींना तीन. म्हणजे तेराव्यानंतर सुस्तावायला फारसा वेळ उरत नाही.

आकार डेमी अष्टपत्री, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. वाचणारे वयस्क, तेव्हा अक्षर १४ पॉइंट. अशा पानावर सव्वादोनशे-अडीचशे शब्द बसतात, फोटो धरून ६४ पानांत आठ-नऊ हजार शब्द पुरतात. पानं चारच्या पटीत हवीत. ६४ पर्यंत मधोमध पिना चालतात, त्यापुढे चिकट बांधणी करा आणि आतला समास वाढवा. मजकुराला ८० जीएसएमचा पिवळसर मॅपलिथो, मुखपृष्ठाला ३०० चं आर्ट कार्ड. प्रती शे-दीडशेच असतील तर डिजिटल छपाई परवडते. मजकूर युनिकोडमध्ये द्या आणि जुळणीवाला जुन्या फॉन्टमध्ये बदलणार असेल तर रफार, 'र्‍य' आणि जोडाक्षरं पानोपान तपासा, तिथेच ती तुटतात. पीडीएफवर भागवू नका, एक डमी प्रत छापून बघा, काळे-पांढरे फोटो कागदावर अपेक्षेपेक्षा गडद येतात.

मुद्रित तिघांनी वाचावं. एकाने फक्त नावं, एकाने फक्त तारखा, एकाने मोठ्याने सगळं. वंशवृक्ष मुलांच्या प्रत्येक घरात आणि लेकींच्या प्रत्येक सासरी पाठवून 'बरोबर आहे' असा निरोप मागवा. आलेला निरोप जपून ठेवा. सुटलेलं एक नाव पुढची दहा लग्नं ऐकावं लागतं.

प्रती घरटी एक, लेकींच्या घरी एक, मुलाखत दिलेल्या प्रत्येकाला एक, गावच्या वाचनालयाला एक आणि वर पंचवीस. स्कॅन आणि रेकॉर्डिंग दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, वेगवेगळ्या गावांतल्या दोन घरांत ठेवा. डिस्क दर दिवाळीला एकदा लावून उघडते का ते बघा. प्रती वाटल्या की पंधरा दिवसांत फोन सुरू होतात, 'अरे, ते साल चुकलंय', 'तो फोटो त्र्यंबकचा नाही, सप्तशृंगीचा'. त्यासाठी एक प्रत बाजूला ठेवा, बांधताना तिच्यात मागे आठ कोरी पानं घालून घ्या, आणि प्रत्येक दुरुस्ती कुणी, कधी सांगितली ते पेन्सिलीने त्यात लिहीत जा.